रेकॉर्डरचं पारायण

मंगळवारी संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर टीव्हीवर एक निळी पाटी आली. ‘डिस्क भरली आहे. नवीन रेकॉर्डिंगसाठी सर्वात जुने रेकॉर्डिंग काढून टाकले जाईल.’ खाली ‘ठीक आहे’ एवढंच एक बटण होतं. ‘ठीक नाही’ म्हणायची सोय कंपनीने ठेवलेली नव्हती.

आमच्या रेकॉर्डरमधलं सर्वात जुनं रेकॉर्डिंग कोणतं, हे लोणावळ्यात वलवणच्या आमच्या सोसायटीत चहाला येऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण ते बघितल्याशिवाय मी चहा देत नाही असा माझ्यावर आरोप आहे. सुदुंबऱ्याच्या सप्ताहातलं कोंडाजी महाराजांचं काल्याचं कीर्तन. दहा वर्षांपूर्वी आमच्या केबल कंपनीने आपल्या गावच्या वाहिनीवर ते एकदाच दाखवलं आणि पुढे ती वाहिनीच बंद केली. दुसरी प्रत कुणाकडे नाही. महाराजही आता राहिले नाहीत. ते कीर्तन मी चाळीसेक वेळा ऐकलं असेल आणि म्हशीच्या दृष्टान्ताला चाळिसाव्या वेळीही हसलो आहे. कधी हसायचं ते आधीच ठाऊक असलं की हसू मोकळं येतं, असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं, शुभदाचं, मत वेगळं आहे. तिच्या मते मी महाराजांच्या आधी त्यांची वाक्यं म्हणतो, एवढंच नव्हे तर दात घासतानाही पखवाजाचे बोल पुटपुटतो आणि त्यामुळे आरशावर पेस्ट उडते.

त्या कीर्तनात पखवाजावर नथूआबा आहेत. सुदुंबऱ्यात भाताची थोडी खाचरं, बाकी आयुष्य कारखान्यात पाळ्या करण्यात गेलं. पण एकदा मांडीवर पखवाज आला की हा माणूस कुणाचा नोकर नव्हता. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालतात, बोलतात, उजवा हात मात्र दुसऱ्या कुणीतरी मांडीवर ठेवून गेल्यासारखा पडून असतो. ते कीर्तन टीव्हीवर लागलं त्या दिवशी आबा भलत्याच गावात वाजवायला गेले होते, आणि पुढे ‘बघू कधीतरी’ म्हणत दहा वर्षं गेली. आधीच्या रविवारी त्यांचा फोन आला. “भाऊ, मला माझाच हात आठवंना झालाय. कसा वाजत हुता ते येकदा दाव.” पुढच्या बुधवारी एकादशी होती. त्या दिवशी येतो म्हणाले. मी म्हटलं, या, तुमचं कीर्तन माझ्याकडे तिजोरीत ठेवल्यासारखं आहे.

आणि मंगळवारी ही निळी पाटी.

शुभदा म्हणाली, “पुढच्या बुधवारपर्यंत दोघंही रेकॉर्डिंग बंद ठेवू. आबा येऊन बघून जातील, मग काय करायचं ते करा.” या सबंध प्रकरणात आमच्या घरात उच्चारलं गेलेलं हे सर्वांत शहाणपणाचं वाक्य. म्हणूनच त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कुणी म्हणेल, जुन्या चार गोष्टी पुसून जागा का केली नाही? करून बघितलं. पण कीर्तनकार हात वर करून उभे आहेत, ओठांवर देवाचं नाव आहे आणि पडद्यावर विचारतात, ‘काढून टाकायचे?’ माझं बोट पुढे होईना. मग मी शुभदाच्या मालिकेकडे वळलो. तिचे तीनशे भाग तिने ‘सवडीने बघायला’ ठेवलेले होते. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी रिमोट खाली ठेवला.

बुधवारी सकाळी बाजारात गेलो असताना वाहिदभाईंच्या दुकानात डोकावलो. वाहिदभाईंचं रद्दीचं दुकान आहे, पण ते स्वतःला पुस्तकवाले म्हणवतात आणि त्यात चूक काही नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ते गठ्ठ्यातून नेमकं पुस्तक ओढतात. माझी अडचण ऐकून त्यांनी मुरंब्याच्या कृती आणि पाळीव कुत्र्यांची निगा यांच्यामधून एक पातळ पुस्तक काढलं. ‘घरचा रेकॉर्डर घरीच वाढवा.’ मुखपृष्ठावर मिशीवाला गृहस्थ हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रसन्न हसत होता. “काका, हे पुस्तक तुमच्यासाठीच थांबलं होतं. माझ्याकडे तीन पावसाळे काढलेत याने, पण एक पान चिकटलं नाही,” वाहिदभाई म्हणाले. लोणावळ्यात एवढं पुरावा म्हणून पुरतं.

मी अनुक्रमणिका उघडली आणि नावं न वाचता नुसते आकडे मोजले. अध्याय सात.

तुम्हीच सांगा. एकादशीला सात दिवस उरलेले, आणि अध्याय सात. बुधवारी बसलं की मंगळवारी समाप्ती, दुसऱ्या दिवशी आबा. इतका हिशेबी योग माणसाच्या हातून जुळत नाही. मी घरी आलो, पुन्हा अंघोळ केली, चौरंग मांडला, त्यावर धूतवस्त्र, त्यावर पुस्तक. शुभदाने सवयीने एक जास्वंद वाहिलं आणि मग वाकून शीर्षक वाचलं. फूल मात्र तिने परत घेतलं नाही.

ग्रंथ कसा वाचायचा याची एक रीत आहे आणि ती मी वयाच्या नवव्या वर्षापासून पाळत आलो आहे. रोजचा अध्याय रोज. पुढचं पान चाळायचं नाही, शेवट आधी बघायचा नाही, मध्ये उठायचं नाही. अध्यायात सांगितलेलं त्याच दिवशी आचरणात आणायचं. या रीतीने आजवर माझं कुठेही अडलं नव्हतं. अर्थात आजवर मी वाचलेल्या कुठल्याही ग्रंथात स्क्रू नव्हते.

पहिला अध्याय डिस्कचं माहात्म्य सांगण्यात गेला. तो ऐकायला वरच्या मजल्यावरची ज्योत्स्ना आणि शेजारचा विकास आले होते. ज्योत्स्ना मुंबईच्या पाहुण्यांना खोल्या भाड्याने देते, त्यामुळे बिघडलेल्या वस्तूंचा तिला दांडगा अनुभव आहे. तिच्याकडे सगळ्यांवर एकच उपाय आहे, तो म्हणजे वस्तू रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवणे. विकास रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. त्याने रेकॉर्डरभोवती एक फेरी मारली, मागच्या वायरी बोटाने मोजल्या आणि “अर्थिंग बघावं लागेल” म्हणाला. त्यानंतरचे सहा दिवस तो रोज हेच म्हणाला. अर्थिंग कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या अध्यायात झाकण उघडायचं होतं. झाकणावर कंपनीचं सील होतं. मी तीस वर्षं स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली आहेत. दुसऱ्याचं सील परवानगीशिवाय तोडणं माझ्या रक्तात नाही. तीस वर्षांत लोकांनी विश्वासाने सोपवलेली एक पेटी माझ्या हातून हरवली नाही. एकदा सोळा कोंबड्यांच्या खुराड्यात पंधरा भरल्या होत्या, पण ती कोंबडी कर्जतच्या आधीच उतरली होती आणि तसा शेरा मी दप्तरी लावला आहे. तेव्हा मी रीतसर कंपनीच्या कार्यालयात गेलो.

खिडकीवर स्नेहल नावाची मुलगी होती. बिचारी फार सौजन्याने बोलली. तिच्या संगणकात तक्रारींचे तीनच प्रकार होते: चित्र दिसत नाही, आवाज येत नाही, बिल जास्त आलं. ‘झाकण उघडायची परवानगी हवी’ हा चौथा प्रकार निर्माण करणं तिच्या हातात नव्हतं. शिवाय कनेक्शन शुभदाच्या नावावर, म्हणजे तक्रार शुभदानेच द्यायला हवी. मी घरी जाऊन शुभदाला घेऊन आलो. शुभदाला विचारलं, तुमची काय तक्रार आहे? तिने माझ्याकडे बघून सुरुवात केली, तेव्हा मला मध्ये पडून विषय रेकॉर्डरवर आणावा लागला. शेवटी स्नेहलने सगळ्यांच्या सोयीचा मार्ग काढला. तिने ‘चित्र दिसत नाही’ असं टाकलं, माणूस घरी येईल, त्यालाच काय ते विचारा म्हणाली.

माणूस शुक्रवारी आला. टीव्ही चालू होता. “चित्र तर दिसतंय,” तो म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरून गेला. पाच मिनिटांत शुभदाच्या फोनवर निरोप आला की आपली तक्रार यशस्वीपणे सोडवण्यात आली आहे.

तोवर तिसरा अध्याय येऊन ठेपला होता आणि दुसऱ्याचं आचरण राहिलं होतं. पारायणात खंड पडण्यापेक्षा सील तुटलेलं बरं, असा मी मनाशी निवाडा केला. विकासने ड्यूटीवरून चांदणीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर आणला. आठ स्क्रू निघाले. आत जुनी डिस्क दिसली, आणि तिच्या भोवती लोणावळ्याच्या दहा पावसाळ्यांची बुरशी. शुभदाने ती मऊ फडक्याने इतक्या मायेने पुसली की मला थोडा मत्सर वाटला.

शनिवारी चौथ्या अध्यायाला ज्योत्स्ना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. तिच्या खोलीत उतरलेला कुणी इंजिनियर पाहुणा विसरून गेला होता, आणि विषय हाच, रेकॉर्डर सुधारण्याचा. “काका, यात पहिल्याच पानावर लाल चौकट आहे,” ती म्हणाली, “काहीतरी महत्त्वाचं दिसतंय.” मी तिला समजावलं की एका पारायणात दोन ग्रंथ चालत नाहीत, श्रोत्याचं मन दुभंगतं. तिने पुस्तक मिटलं. हा प्रसंग मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे, कारण इथे माझ्याकडून काय घडलं ते मला पुढे रोज आठवणार आहे.

पाचव्या अध्यायात जुनी डिस्क काढून तिच्या जागी विकत आणलेली नवी डिस्क बसवून रेकॉर्डर चालू करायचा होता. केला. पडद्यावर प्रश्न आला: ‘नवीन डिस्क आढळली. तयार करायची? होय / नाही.’ ग्रंथात स्पष्ट लिहिलं होतं, होय म्हणावे. मी होय म्हटलं. रेकॉर्डर घरघरला आणि त्याने दोन हजार तास मोकळे असल्याचं जाहीर केलं. दोन हजार तास कीर्तन. मी डोळे मिटून हात जोडले. विकासने टाळ्या वाजवल्या, ज्योत्स्नाने शिरा आणला.

सोमवारी, सहाव्या अध्यायात, जुनी डिस्क शेजारच्या खाचेत जोडायची होती. जोडली. पडद्यावर तोच प्रश्न: ‘डिस्क आढळली. तयार करायची?’ सहाव्या अध्यायात याबद्दल अवाक्षर नव्हतं. पण मागच्या अध्यायात जो नियम सांगितला तो पुढच्या अध्यायात लागू असतो, पुन्हा पुन्हा सांगत बसत नाहीत, ही ग्रंथकारांची रीत मला माहीत. मी विश्वासाने होय म्हटलं. रेकॉर्डर पुन्हा घरघरला. मला तो आवाज समाधानाचा वाटला.

आठपैकी एक स्क्रू काही केल्या परत बसेना, झाकणही नीट लागेना, म्हणून ते बाजूला चौरंगाशी ठेवलं.

मंगळवारी समाप्तीचा सातवा अध्याय उघडला. नाव होतं ‘आरंभी घ्यावयाची काळजी’. पहिलं वाक्य मी मोठ्याने वाचलं: ‘कामास हात घालण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील सर्व मजकुराची प्रत काढावी. जुनी डिस्क जोडल्यावर ती तयार करायची का असे विचारल्यास कदापि होय म्हणू नये. म्हटल्यास डिस्क कायमची कोरी होते.’

समाप्तीला खीर केलेली होती. ती कुणी खाल्ली नाही.

यादी उघडून बघितली. रिकामी. एकूण रेकॉर्डिंग: शून्य. ज्योत्स्नाने शांतपणे तिचं इंग्रजी पुस्तक उघडून लाल चौकट दाखवली. तिथे हेच होतं, पहिल्या पानावर. विकासने लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत फोन केले. एकाने सांगितलं, कंपनीच्या डब्यातलं पुसलेलं परत येत नाही. दुसऱ्यानेही तेच, जरा जास्त वेळ घेऊन. ज्योत्स्ना तांदळाबद्दल एक शब्दही बोलली नाही, तेव्हा मला परिस्थितीची खरी कल्पना आली.

शुभदाचे तीनशे भागही गेले होते. मला वाटलं, आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, “माझ्या मालिकेत शेवटी काय होणार ते मला ठाऊक आहे. आबांना काय सांगणार, ते बघा.”

तीस वर्षांत न हरवलेलं पार्सल निवृत्तीनंतर घरात बसून हरवलं, आणि तेही आबांचं. शेरा लावायलाही दप्तर नव्हतं.

बुधवारी दहाच्या सुमाराला आबा आले. नात हर्षदा खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला जाते, ती गाडीतून त्यांना सोडून पुढे गेली. परीटघडीचं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. कीर्तनाला उभं राहताना करतात तशी सगळी तयारी करून आबा टीव्हीसमोर बसले. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर नीट ठेवला. त्यालाही दिसावं म्हणून ठेवल्यासारखा.

मी चहा न देताच सांगून टाकलं. सगळं, सात अध्याय, लाल चौकट, होय.

आबांनी काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

“समदंच ग्येलं?”

“समदंच, आबा.”

“म्हस बी?”

“म्हस पण.”

आबांनी मान हलवली. मला वाटलं ते उठतील, किंवा मी तरी उठून बाहेर जावं. तेवढ्यात शुभदा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “आबा, यांना ते सगळं पाठ आहे. रोज सकाळी म्हणतात. तुमच्या पखवाजासकट.”

मी गडबडलो. मी आयुष्यभर श्रोता. सतरंजीवर पुढून तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसणारा. महाराजांच्या जागी उभं राहायची माझी पात्रता नाही, असं मी आबांना सांगितलं.

“उभा ऱ्हाऊ नगंस मग. बसूनच म्हन.”

म्हणून मी बसून सुरू केलं. पहिल्यांदा सूर चुकला, मग सापडला. महाराज कुठे श्वास घेत, कुठे टाळकऱ्यांकडे वळत, कुठे उपरण्याने तोंड पुसत, सगळं माझ्याकडून आपोआप होऊ लागलं. पखवाजाची जागा आली की मी तोंडाने बोल म्हणायचो. दुसऱ्या चालीला आबांच्या डाव्या हाताने चौरंगाशी पडलेलं रेकॉर्डरचं झाकण पुढे ओढलं आणि त्यावर थाप दिली. पत्रा करकरला. आबांचं तोंड आंबट झालं.

“घुमत न्हाई. पोरी, जरा कणीक दे भिजवून.”

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा त्याला आवाजाची खोली येते. पण एकादशी असल्यामुळे घरात कणीक भिजवलेली नव्हती. शुभदाने थालीपिठासाठी मळलेल्या राजगिऱ्यातला एक गोळा आणून दिला. आबांनी तो अंगठ्याने झाकणाच्या मध्यावर पसरला, कडा दाबल्या, झाकण मांडीशी तिरकं धरलं, पुन्हा थाप दिली. “हां. आता बोलतंय. डाव्या अंगाचं मी बगतो, उजव्याचं तू तोंडानं म्हन.”

मग आम्ही दोघांनी मिळून एक पखवाज वाजवला. एक हात त्यांचा, एक हात माझ्या तोंडातला. ज्योत्स्ना दारात येऊन बसली, विकास पाळीवर जायचा तो बूट हातात घेऊन थांबला. म्हशीच्या दृष्टान्ताला आबा इतके हसले की टोपी पडली. मी मात्र त्या वेळी हसलो नाही; हसवणाऱ्याने हसायचं नसतं हे मला त्या दिवशी कळलं.

काल्याच्या आधी एक जागा आहे. तिथे पखवाज एकदम उसळून वर येतो आणि महाराज क्षणभर डोळे मिटतात. मी चाळीस वेळा ती जागा बघून गहिवरलो आहे. महाराजांची समाधी लागली असं लोकांना सांगितलं आहे. मी बोल म्हणत तिथवर आलो आणि आबांनी हात थांबवला.

“हितं मी चुकलतो, भाऊ. येक मात्रा आदी आलो. म्हाराजांनी डोळं मिटून घ्येतलं आन् तेवड्यात मला सावरू दिलं. कुनालाच कळलं न्हाई.” मग म्हणाले, “पुसलं ते लय बेस झालं. टीव्हीत चूक दिसली आसती.”

“आता बरोबर घेऊ या?” मी विचारलं.

आबांनी डावा हात उचलला. मी बोल म्हटले. या वेळी ते बरोबर मात्रेला आले, आणि त्यांनीच डोळे मिटून घेतले. मांडीवरच्या उजव्या हाताचं एक बोट हललं की मला तसं वाटलं, ते मी खात्रीने सांगत नाही. शुभदा म्हणते, हललं.

हर्षदा संध्याकाळी न्यायला आली तेव्हा आबा उपासाची चार थालीपिठं खाऊन तृप्त झाले होते. जाताना म्हणाले, “पुडच्या एकादशीला येतो. तवर झाकान लावू नगंस.”

झाकण लावलेलं नाही. दोन हजार तास मोकळेच आहेत. राजगिरा वाळून पत्र्याला असा चिकटला आहे की दुरुस्तीवाल्याने बघितलं तर त्याला काय सांगायचं, हे विकास आणि मी ठरवतो आहोत. उरलेला आठवा स्क्रू देव्हाऱ्यात आहे. पुस्तक मी वाहिदभाईंना परत नेऊन दिलं. त्यांनी सातवा अध्याय फाडून पहिल्या जागी चिकटवला आणि पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं.

परवा कंपनीचा निरोप आला: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपले समाधान झाले का? होय / नाही.’

होय दाबायला माझा हात आता धजत नाही. शुभदाला बोलावलं, तिने दोनदा वाचलं, आणि मग आम्ही दोघांनी मिळून होय दाबलं.